स्विचमधला मुतालिक : प्रॉक्सी एआरपीची गोष्ट

आजचा थ्रेड एका ओळीविषयी आहे : 'आयपी प्रॉक्सी-एआरपी'. सिस्कोच्या राउटरांवर ती आपोआप चालू असते. बंद करायची तर तिच्यापुढे 'नो' लिहावे लागते. ज्या अडचणीपोटी ती जन्मली, ती अडचण मात्र केव्हाच इतिहासजमा झाली.

मूळ नियम नोव्हेंबर १९८२ चा, डेव्हिड प्लमर यांच्या आरएफसी ८२६ मधला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीची क्रमांकित टिपणे.) संगणकाला शेजाऱ्याचा आयपी पत्ता ठाऊक असतो, हार्डवेअर पत्ता नसतो. म्हणून तो दवंडी पिटतो : हा आयपी पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो उत्तर देतो. ही दवंडी वेशीपर्यंतच ऐकू जाते. राउटर ती पलीकडे नेत नाही.

पुढे संस्थांची जाळी फुगली आणि एका जाळ्याचे अनेक सबनेट करणे भाग पडले. त्याची रीत ऑगस्ट १९८५ मध्ये आरएफसी ९५० ने घालून दिली. परंतु १९८३ च्या ४.२ बीएसडी प्रणालीवरील संगणकांना सबनेट ही कल्पनाच अवगत नव्हती. वेशीपलीकडचे यंत्रही आपल्याच तारेवर आहे, असे समजून ते दवंडी पिटत आणि उत्तराविना ताटकळत.

यावरचा व्यापक तोडगा जॉन पोस्टेल यांनी १९८४ मध्येच मांडला होता. त्याचे मर्यादित, व्यवहार्य रूप ऑक्टोबर १९८७ मध्ये स्मूट कार्ल-मिचेल आणि जॉन क्वार्टरमन यांनी आरएफसी १०२७ मध्ये नोंदवले. वेशीवरच्या गेटवेने 'तो मीच' असे खोटे उत्तर द्यावे, स्वतःचा हार्डवेअर पत्ता सांगावा आणि आलेला माल मूळ धन्याकडे पोचवावा.

आपल्या इतिहासात हे काम मुतालिक करी. शिक्का धन्याचा, हात मुतालिकाचा. यात सोय होती तशी जोखीमही. १७५० मध्ये प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्यास पेशव्यांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा सदाशिवरावभाऊंना फौजेसह जावे लागले. स्विचमधला मुतालिक बंड करीत नाही, तो दोष झाकतो. एखाद्या यंत्रावर सबनेट मास्क चुकीचा पडला तरी काम सुरू राहते आणि चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. मला हा धोका बंडाहून मोठा वाटतो.

आता बीडच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्यावरच्या पालीकडे येऊ. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तिच्या पहिल्या टप्प्यात जीपॉन पद्धत वापरली गेली. या पद्धतीत गावातली पेटी फक्त वरच्या केंद्राशी बोलते. पाली आणि शेजारचे गाव एकाच फायबरवर, एकाच सबनेटमध्ये असले, तरी त्यांना एकमेकांची दवंडी थेट ऐकू येत नाही. त्यांचा संवाद घडवायचा असेल तर वरच्या स्विचने मध्ये पडून उत्तर द्यावे लागते. त्यासाठीची ओळ वेगळी आहे : 'आयपी लोकल-प्रॉक्सी-एआरपी'.

खोटे तेच, हेतू उलटा! तेव्हा यंत्रांपासून वेस लपवायची होती. आता वेस राखायची आहे, म्हणजे दोन गावांमधली सारी ये-जा स्विचच्या नजरेखालून होते आणि नको ती अडवता येते.

म्हणून लोकल प्रॉक्सी केवळ त्याच व्हीलॅनच्या इंटरफेसवर चालू करावी, जिथे पोर्ट मुद्दाम एकमेकांपासून तोडलेले आहेत. इतरत्र जुनी ओळ बंद करण्याआधी प्रत्येक यंत्राचा मास्क आणि गेटवे तपासावा. 'नो' टाइप करताच मुतालिक गप्प होतो आणि त्याने झाकलेल्या साऱ्या चुका एकाच वेळी उघड्या पडतात, बहुधा कचेरीच्या ऐन कामाच्या वेळी.