केवड्याचं कणीस, केवड्याची पात

गणपतीच्या दिवसांत केवड्याचं एक कणीस केवढ्याला मिळतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज त्याच केवड्याचा इतिहास सांगतो, पण बायकांच्या बाजूने.

केवडा आपल्या किनाऱ्याचा मूळचा. खाडीकाठी, ओलसर वाळूत त्याचं बन माजतं. खोडातून उतरलेली आधारमुळं वाळू धरून ठेवतात. पातीला काट्यांच्या तीन ओळी: दोन कडांना, एक पाठीच्या शिरेवर. गणपतीच्या एकवीस पत्रींत त्याचा मान आहे. आज्या-पणज्या तो वेणीत माळत. ज्यांची ऐपत, त्या केसांत सोन्याचा केवडा नि केतक घालत. फूल सुकतं म्हणून ते सोन्यात घडवलं असावं, असं आम्हाला वाटतं.

हाच किनारा धरून खाली केरळात गेलं की केवड्याला ‘कैता’ म्हणतात. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ छापवला, त्यात ‘कैदा’ म्हणून तो आहे. माहिती देणाऱ्या वैद्यांची नावंही त्यात आली. पण केवडा रोज हाताळणाऱ्या होत्या बायका. कोल्लम जिल्ह्यातलं तळवा गाव केवड्याच्या चटयांसाठी प्रसिद्ध आहे. पाती कापायच्या, काटे सोलायचे, वाळवून पट्ट्या करायच्या, मग विणायचं. बोटं सोलवटून निघतात, आणि हे काम मोजलं जातं ‘घरबसल्या’चं.

पैसा झाला तो वासावर. ओडिशात गंजाम जिल्ह्यात शेतांच्या बांधांवर केवडा आहे. कणसं तांब्याच्या भांड्यात उकळतात, वाफ चंदनतेलात मुरवली की अत्तर, नुसती थंड केली की केवडाजल. त्यासाठी चालतं फक्त नराचं कणीस. मादीला अननसासारखं फळ धरतं, त्याला बाजारात कोणी विचारत नाही. हसू नका बायांनो, झाडांतही तीच तऱ्हा!

आपल्याकडे बांधाची डागडुजी निघाली की ‘काटेरी झुडूप’ म्हणून आधी केवडा तुटतो. वाळू कोण धरणार, हे तेव्हा कोणी विचारत नाही. ते ग्रामसभेत आपणच विचारायचं. आणि तुटण्याआधी बुंध्याशी फुटलेली पिल्लं काढून घ्यायची. पावसाच्या तोंडावर ओल्या बांधात लावली की धरतात. कणीस हवं असेल तर पिल्लू नराच्या झाडाचंच घ्या.