हाड झिजवणाऱ्या पेशीला निरोप कोण देतं?

प्रपोजल लिहायला बसलात की गाईड हमखास विचारतात: तुमचं गृहीतक काय, आणि ते तपासणारा प्रयोग कोणता? या प्रश्नाचं वजन समजून घ्यायचं असेल, तर ऑस्टिओक्लास्टचा इतिहास वाचाच.

ऑस्टिओक्लास्ट म्हणजे जुनं हाड विरघळवणारी, अनेक केंद्रकं असलेली मोठी पेशी. रक्तातल्या मोनोसाइटच्या कुळातल्या पूर्वपेशी एकमेकींत मिसळून ती बनते. पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलं की हाड झिजतं, हे ठाऊक होतं. पण गंमत बघा, त्या संप्रेरकाचे रिसेप्टर सापडत होते ते हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टवर! मग १९८१ मध्ये रोडन आणि मार्टिन यांनी गृहीतक मांडलं: संप्रेरकाचा निरोप आधी ऑस्टिओब्लास्टला मिळतो, आणि तीच पुढे ऑस्टिओक्लास्टला कामाला लावते.

तपासायचं कसं? जपानमध्ये ताकाहाशी, सुदा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदराच्या प्लीहेतल्या पेशी ऑस्टिओब्लास्टसोबत एकाच डिशमध्ये वाढवल्या आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप घातलं. ऑस्टिओक्लास्ट तयार झाल्या. नुसत्या प्लीहेच्या पेशींतून झाल्या नाहीत. खरी मेख पुढे आहे. दोन्ही पेशींच्या मध्ये बारीक छिद्रांचा पडदा ठेवला. द्रव आरपार जात होता, पण पेशी एकमेकींना टेकत नव्हत्या. ऑस्टिओक्लास्ट एकही नाही! म्हणजे हा निरोप द्रवात सोडलेला नसावा. तो आधारपेशीच्या पृष्ठभागावरच असावा.

आता अडचण अशी, की पेशीला चिकटलेलं प्रथिन द्रवातून गाळून मिळत नाही. वाट उघडली ती उलट्या बाजूने. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅमजेन आणि जपानमधल्या स्नो ब्रँड या कंपन्यांच्या गटांनी, स्वतंत्रपणे, ऑस्टिओक्लास्ट बनू न देणारं एक प्रथिन शोधलं: ऑस्टिओप्रोटेजेरिन. ते द्रवात सुटतं, म्हणून हाती लागलं. त्याचाच गळ करून, ते कोणाला चिकटतं हे पाहिलं, आणि १९९८ मध्ये दोन्ही गटांना तो निरोप सापडला. इम्युनॉलॉजीवाल्यांना तोच रेणू टी-पेशींमध्ये आधीच भेटला होता! आज त्याला रँकएल म्हणतात. हा आणि एम-सीएसएफ हे दोन घटक दिले, की आधारपेशींशिवायही डिशमध्ये ऑस्टिओक्लास्ट बनतात. रँकएलला अडवणारं डेनोसुमॅब हे औषध २०१० मध्ये अस्थिसुषिरतेसाठी मंजूर झालं.

गृहीतकापासून रेणूपर्यंत १७ वर्षं गेली. त्या काळात शोधाला दिशा दिली ती 'काहीच झालं नाही' असं सांगणाऱ्या पडद्याच्या डिशने. तेव्हा तुमच्या प्रपोजलमध्ये कंट्रोलचा परिच्छेद शेवटी घाईत उरकू नका. तुमचा 'पडदा' कोणता, ते आधी ठरवा.