बडोदा कॉलेजचं विद्यापीठ झालं तेव्हा

तोरणमाळच्या पठारावरचा मुलगा बारावीनंतर घाट उतरून पुढे शिकायला निघतो, तो बहुधा शहाद्याला नाहीतर नंदुरबारला. कॉलेज तिथलं, पण अभ्यासक्रम आणि पदवी जळगावच्या विद्यापीठाची. १५ ऑगस्ट १९९० ला ते विद्यापीठ सुरू होण्याआधी हीच पदवी पुण्याहून यायची. शिकवायचं सातपुड्याच्या पायथ्याशी आणि पेपर काढायचा दूर कुठेतरी, ही खानदेशाची जुनी रीत. शेजारच्या बडोद्याचीही तीच होती. बडोद्याने ती मोडली, आणि त्यापायी आपलं नामांकित कॉलेज विसर्जित केलं.

बडोदा कॉलेज सुरू झालं १८८१ मध्ये. त्याच वर्षाअखेर, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याहून दत्तक आणलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या हाती राज्यकारभाराची सूत्रं आली. इमारत रॉबर्ट चिझमची, आणि तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावर बेतलेला म्हणतात. थाट संस्थानी होता. पण कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, त्यामुळे पुस्तकं मुंबईने नेमलेली आणि परीक्षाही मुंबईचीच.

याचा परिणाम वर्गात काय होत असे, ते अरविंद घोषांनी पुढे सांगून ठेवलं आहे. केंब्रिजहून परतून १८९३ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत आले, आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवू लागले, उपप्राचार्य झाले. त्यांचं व्याख्यान मुलं शब्दन् शब्द उतरवून घेत आणि पाठ करत. एकदा इंग्रज लेखक सदीच्या नेल्सन-चरित्रावर ते बोलले, तर मुलांची तक्रार आली की हे छापील टिपणांत नाही. आपण ती टिपणं वाचलेलीच नाहीत, असं त्यांचं उत्तर होतं. मुंबईच्या एखाद्या प्राध्यापकाकडे परीक्षकपद येणार असेल, तर त्याच्या नोट्सही मुलं मिळवत. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. समोर अरविंद घोष असले, तरी गुण देणारा माणूस मुंबईत होता.

परीक्षेसाठी प्रवासही मुंबईचाच. मार्च १९१६ मध्ये या कॉलेजचा एक विद्यार्थी इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघाला, वाटेत सुरतेला उतरला आणि भुसावळमार्गे काशीला गेला. विनोबा भावे ते. सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर आणि नंदुरबार लागतं, म्हणजे परीक्षा सोडून निघालेले विनोबा आपल्याच जिल्ह्यातून पुढे गेले. आपल्याकडे याचा फारसा उल्लेख होत नाही. निघण्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. आता, घरच्या गावी परीक्षा असती तर ते थांबले असते, असं कुणी म्हणणार नाही.

स्वतःचं विद्यापीठ हवं, ही सयाजीरावांची जुनी इच्छा. विसाच्या दशकात त्यांनी त्यासाठी आयोग नेमला. त्याचं काम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले आल्बन विजरी यांच्याकडे होतं. पण ६ फेब्रुवारी १९३९ ला महाराज गेले, तेव्हाही कॉलेज मुंबईलाच जोडलेलं होतं.

मग घाई झाली, आणि तिला कारण होतं. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन व्हायचं ठरलं. त्याआधी संस्थानने विद्यापीठाचा कायदा करून घेतला. महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आलं ३० एप्रिल १९४९ ला, आणि १ मे रोजी संस्थान संपलं. एका दिवसाचं अंतर! माझ्या मते बडोदा दरबारचा हा सगळ्यात शहाणा शेवटचा निर्णय. राज्य जाणार हे दिसत असताना त्यांनी परीक्षा घेण्याचा आणि पदवी देण्याचा अधिकार गावात रोवून ठेवला.

त्यासाठी कॉलेज मोडावं लागलं. बडोदा कॉलेजच्या कला आणि विज्ञान अशा दोन विद्याशाखा झाल्या. दादासाहेब फाळके जिथे शिकले ते कलाभवन तंत्रशास्त्राची शाखा बनलं. प्राच्यविद्या मंदिर आत आलं, संगीत शाळाही आली. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांचे वडील मनुभाई मेहता दिवाण होण्याआधी बडोदा कॉलेजातच शिकवत. हंसाबाईंच्या काळात, १९५० मध्ये, ललित कला विद्याशाखा निघाली आणि चित्रकलेला ना. श्री. बेंद्रे आले. जोडलेल्या कॉलेजला नवी शाखा काढायची तर मुंबईची परवानगी लागली असती. इथे ठरवणारे आणि शिकवणारे एकाच आवारात होते, पेपरही तिथेच निघू लागले.

तोटे झाले नाहीत असं नाही. बडोदा कॉलेज हे नाव पाटीवरून गेलं. एकच प्राध्यापक फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही शिकवतो, असला लहान कॉलेजातला कारभार मोठ्या विद्यापीठात चालत नाही. १९६० मध्ये बडोदं गुजरातेत गेलं आणि तिथल्या मराठी घरांचं आपल्याकडचं येणंजाणं पातळ होत गेलं. तरी २०१८ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यालाच भरलं होतं.

महाराष्ट्रात हा प्रयोग आता नव्याने होतो आहे. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज मुंबई विद्यापीठातून निघून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेलं, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. शहादा, नंदुरबार, धडगावच्या कॉलेजांचं पुढे काय व्हावं, यावरही कधीतरी चर्चा होईल. त्या वेळी आपल्या प्राध्यापकांनी आणि पालकांनी नावासाठी भांडत बसू नये. भिल्ल-पावरा मुलांसाठी काय शिकवायचं, हे इथे ठरणार की दूर कुठे, आणि पेपर कोण काढणार, एवढं लेखी मागून घ्यावं.