चेहऱ्यावरील मेदरोपण : भुलीचे पर्याय आणि निवडीचे निकष

पोट, मांडी किंवा कंबर येथील त्वचेखालची थोडी चरबी बारीक नळीने काढून घ्यायची, ती शुद्ध करायची आणि चेहऱ्याच्या खोलगट भागांत थेंबाथेंबाने भरायची, या शस्त्रक्रियेला चेहऱ्यावरील मेदरोपण म्हणतात. जर्मन शल्यचिकित्सक गुस्टाव्ह नॉयबर यांनी १८९३ साली चेहऱ्यावरील खोलगट व्रण चरबीच्या छोट्या तुकड्यांनी भरला होता. आजच्या पद्धतीला मात्र न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस निश्चित रूप दिले. वाढत्या वयाने किंवा झपाट्याने वजन उतरल्याने बसलेले गाल व डोळ्यांखालचे खड्डे भरण्यासाठी ही शस्त्रक्रिया केली जाते. भाजल्याचे व्रण, अपघाताच्या खुणा आणि अर्धा चेहरा हळूहळू आक्रसत नेणारा पॅरी-रॉम्बर्ग आजार यांवरही तिचा उपयोग होतो.

शस्त्रक्रिया लहान असली तरी ती शरीरावर दोन ठिकाणी होते. चरबी काढण्याची जागा एक आणि ती भरण्याची दुसरी. दोन्ही जागा बधिर कराव्या लागतात आणि दोन्हीकडे दिलेल्या औषधाचा भार अखेर एकाच शरीरावर पडतो. त्यामुळे स्थानिक भूल म्हणजे निर्धोक आणि पूर्ण भूल म्हणजे धोक्याची, हा सर्वसाधारण समज येथे अपुरा ठरतो. औषधाची मात्रा, शस्त्रक्रियेची जागा आणि रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी व्यक्ती यांवर सुरक्षितता अवलंबून असते.

स्थानिक भूल

स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले लिग्नोकेन हे स्थानिक भुलीचे आजही सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. चरबी काढण्याच्या जागी ते सलाइनमध्ये पुष्कळ पातळ करून, सोबत अ‍ॅड्रेनलिन मिसळून, त्वचेखाली भरतात. या पद्धतीला ‘ट्युमेसंट’ भूल म्हणतात. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ती १९८०च्या दशकात मांडली. एक लिटर सलाइनमध्ये साधारणतः ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन आणि सुमारे एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन, असे या द्रावणाचे स्वरूप असते. अ‍ॅड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव घटतो आणि औषध रक्तात सावकाश शोषले जाते.

मात्रेचे गणित येथे महत्त्वाचे ठरते. अ‍ॅड्रेनलिनसह दिलेल्या लिग्नोकेनची पाठ्यपुस्तकी मर्यादा शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ७ मिलिग्रॅम आहे. अ‍ॅड्रेनलिनशिवाय ती ४.५ मिलिग्रॅम इतकी खाली येते. ट्युमेसंट पद्धतीत मात्र प्रतिकिलो ३५ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित असल्याचे क्लाइन यांनी १९९० साली दाखवले. ही सवलत अतिशय पातळ द्रावणाला आणि चरबीच्या थराला लागू आहे. चेहऱ्याचा रक्तपुरवठा भरपूर असल्याने तेथे दिलेल्या तीव्र द्रावणाला ती लागू होत नाही. दोन टक्के लिग्नोकेनच्या दहा मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध असते. सर्वांत दाट ट्युमेसंट द्रावणाच्या २०० मिलिलिटरमध्येही तेवढेच औषध असते. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ७ मिलिग्रॅमच्या हिशेबाने मर्यादा ३५० मिलिग्रॅम भरते. म्हणून पोटावर किती दिले आणि चेहऱ्यावर किती दिले, याची एकत्र नोंद ठेवणे आवश्यक असते.

मात्रा अधिक झाल्यास ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, बोलण्यात जडपणा, पुढे झटके आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड असा क्रम दिसू शकतो. यावर २० टक्के लिपिड इमल्शन हे दुधाळ द्रावण शिरेतून देतात. ते शस्त्रक्रियेच्या खोलीतच उपलब्ध असावे लागते. नंतर मागवण्याइतका वेळ हाती नसतो.

मज्जातंतू बधिर करणे

चेहऱ्यावर भरण्याच्या जागीच औषध टोचले तर ती जागा फुगते, मूळ उंचसखलपणा झाकला जातो आणि चरबी कोठे किती भरावी याचा अंदाज चुकतो. त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक ‘नर्व्ह ब्लॉक’ पसंत करतात. डोळ्याच्या खोबणीखालून निघणाऱ्या मज्जातंतूजवळ औषध दिले की गालाचा पुढचा भाग, नाकाची बाजू व वरचा ओठ बधिर होतो. भुवईच्या वरच्या मज्जातंतूमुळे कपाळ आणि हनुवटीजवळच्या मज्जातंतूमुळे खालचा ओठ व हनुवटी बधिर होते. थोड्या औषधात मोठा भाग बधिर होतो आणि चेहऱ्याचा आकार बदलत नाही. गालाचा बाजूचा भाग व जबड्याची कड यांना मात्र वेगळे औषध द्यावे लागते.

स्थानिक भुलीत रुग्ण जागा असण्याचा आणखी एक लाभ आहे. मेदरोपणातील सर्वांत गंभीर, पण विरळा धोका म्हणजे चरबीचा कण रक्तवाहिनीत शिरून डोळ्याच्या धमनीपर्यंत जाणे. त्यातून कायमचे अंधत्व येऊ शकते. भुवयांमधील जागा, नाक आणि कपाळ येथे हा धोका अधिक असतो. तो टाळण्यासाठी बोथट टोकाची नळी, हलका दाब आणि एका वेळी अत्यल्प चरबी ही पथ्ये पाळतात. चेहऱ्यावर दिलेल्या अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्याचीही मदत होते. जागा रुग्ण डोळ्यातील कळ किंवा अंधारी तत्काळ सांगू शकतो. भुलीखालचा रुग्ण ते सांगू शकत नाही.

लिग्नोकेनने चरबीच्या पेशी मरतात का, हा प्रश्नही विचारला जातो. प्रयोगशाळेत त्याचा पेशींच्या चयापचयावर परिणाम दिसला आहे; पण औषध धुऊन काढल्यावर तो ओसरतो. काढलेली चरबी शुद्ध करताना द्रावण वेगळे केले जाते, त्याचा येथेही उपयोग होतो.

गुंगीची भूल

अनेक जागी सुया टोचून घेणे सर्वांना सहन होत नाही. अशा वेळी स्थानिक भुलीच्या जोडीला शिरेतून मिडाझोलाम, फेंटानिल, डेक्समेडेटोमिडिन किंवा प्रोपोफॉल यांसारखी औषधे दिली जातात. सौम्य गुंगीत रुग्ण नीट बोलतो, मध्यम गुंगीत हाक मारल्यास प्रतिसाद देतो, तर गाढ गुंगीत वेदना झाल्याशिवाय हालचाल करत नाही आणि श्वास मंदावू शकतो. या पायऱ्यांमध्ये पक्की भिंत नसते. मध्यम गुंगीतला रुग्ण काही क्षणांत गाढ गुंगीत जाऊ शकतो. मिडाझोलाम व फेंटानिल यांवर उतारा आहे. प्रोपोफॉलवर तो नाही; त्याचा अंमल ओसरेपर्यंत श्वास सांभाळणे एवढेच हाती असते. गायक मायकेल जॅक्सन यांचा २००९ साली झालेला मृत्यू प्रोपोफॉलमुळेच झाला. ते औषध त्यांना रुग्णालयाबाहेर, घरी, पुरेशा देखरेखीविना देण्यात आले होते.

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत ही अडचण वाढते, कारण नाक-तोंड शल्यचिकित्सकाच्या हाताखाली असते. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर पुरेसा नसतो. नाकातून प्राणवायू चालू असेल तर श्वास थांबल्यावरही काही काळ आकडा चांगलाच दिसत राहतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ही गोष्ट आधी दाखवते. गुंगी देणारी व्यक्ती शस्त्रक्रिया करणाऱ्याहून वेगळी असावी आणि गाढ गुंगी असेल तर ती व्यक्ती भूलतज्ज्ञच असावी.

पूर्ण भूल

चरबी अधिक प्रमाणात लागणार असेल, सोबत दुसरी शस्त्रक्रिया असेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा अतिशय घाबरलेला असेल, तर पूर्ण भूल योग्य ठरते. श्वासनलिकेत नळी किंवा घशात लॅरिंजियल मास्क बसवल्याने श्वसनमार्ग सुरक्षित राहतो. गाढ गुंगीत तो तसा नसतो. नळी ओठाच्या एका कोपऱ्यात चिकटवल्यास चेहरा ओढला जातो व दोन्ही बाजूंचे माप चुकते, म्हणून ती मध्यभागी बांधतात. भुलीनंतरची मळमळ, घशाची खवखव आणि सावध होण्यास लागणारा वेळ या तिच्या उणिवा होत. पूर्ण भुलीतही दोन्ही जागी स्थानिक औषध दिले जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी होते. मात्रेचा हिशेब अर्थात येथेही चुकत नाही.

निवडीपूर्वी

घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे, दमा, हृदयविकार, यकृताचे विकार आणि पूर्वी भुलीचा झालेला त्रास ही माहिती भूलतज्ज्ञाला आधीच द्यावी. लिग्नोकेनचे विघटन यकृतात होत असल्याने यकृत दुर्बल असल्यास मात्रा घटवावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. वजन उतरवण्यासाठी सेमाग्लूटाइड किंवा टिर्झेपटाइडची इंजेक्शने घेणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावे. या औषधांनी जठर सावकाश रिकामे होते, आणि भुलीखाली उलटी फुप्फुसांत जाण्याचा धोका वाढतो. गुंगी किंवा पूर्ण भूल असल्यास सामान्यतः हलका आहार सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. या औषधांच्या बाबतीत भूलतज्ज्ञ वेगळी सूचना देऊ शकतो.

गोव्याहून मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूला जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी त्याच रात्रीच्या बसने परतण्याचा बेत आखू नये. ट्युमेसंट द्रावणातील लिग्नोकेनची रक्तातील पातळी सुमारे बारा तासांनी उच्चतम होते. गुंगीनंतर चोवीस तास वाहन चालवणे व महत्त्वाच्या कागदांवर सह्या करणे टाळावे.

संमतिपत्रावर भुलीचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असावा. गुंगी पुरेशी न ठरल्यास पूर्ण भूल द्यावी की शस्त्रक्रिया थांबवावी, हेही आधी ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेल्या निकालानुसार, तातडीचा प्रसंग नसताना, सज्ञान रुग्ण भुलीखाली आहे म्हणून नातेवाइकाच्या संमतीवर ठरल्यापेक्षा वेगळी शस्त्रक्रिया करता येत नाही. भूलतज्ज्ञ कोण, त्यांची पदवी कोणती, ते शेवटपर्यंत खोलीत असतील का, लिपिड इमल्शन व श्वासाची नळी तयार आहे का आणि रुग्णास हलवावे लागल्यास अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या भेटीतच विचारावेत. त्यांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याने रुग्णाचे काही बिघडत नाही.