तारखांब व वीजखांब (प्रतिकृती रेल्वेतील)

प्रतिकृती रेल्वेच्या मांडणीत रूळ, स्थानक आणि वस्तीच्या कडेने उभे करायचे तारायंत्राचे, विजेचे व रेल्वेच्या ओव्हरहेड तारांचे खांब. इंजिने, डबे तयार मिळतात. भारतीय धाटणीचे खांब मात्र बहुधा हातानेच बनवावे लागतात. मांडणी कुठल्या मुलखातली व कोणत्या काळातली, हे खांबांवरून चटकन कळते.

धाराशिव जिल्ह्यातला लोहमार्ग याचे उत्तम उदाहरण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी धावू लागली आणि येडशी, ढोकी करत १९११ मध्ये लातूरला पोचली. १९५४ मध्ये ही कंपनी सरकारकडे आली. २००७-०८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी पट्टा ब्रॉडगेज झाला, तेव्हा मार्ग वळवून धाराशिव शहर प्रथमच रेल्वेवर आणले गेले. २०२३ पर्यंत विद्युतीकरणही झाले. म्हणून येडशीचे स्थानक नॅरोगेज काळातले असेल, तर रुळालगत तारायंत्राचे लोखंडी खांब हवेत. आजचे असेल, तर ओव्हरहेड तारांचे पोलादी खांब. दोन्ही एकाच मांडणीत आले की सगळा देखावा खोटा पडतो.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १:८७ (एचओ) प्रमाणात आहे. बार्शी मार्गालाही हेच प्रमाण सोयीचे. त्याच्या रुळांमधले ७६२ मि.मी. अंतर या प्रमाणात ८.७६ मि.मी. होते आणि बाजारातले ९ मि.मी.चे रूळ त्याला जवळपास तंतोतंत बसतात. ब्रॉडगेजला हे भाग्य नाही: १,६७६ मि.मी.चे १९ मि.मी.हून थोडे जास्त होतात, पण तयार एचओ रूळ १६.५ मि.मी.चेच असतात.

गावातला आठ मीटरचा सिमेंटचा खांब ९२ मि.मी. होतो, पण त्याचा सुमारे दीड मीटर भाग जमिनीत असतो; वर दिसतो तो ७५ मि.मी. हा खांब चपटा, बुंध्याशी रुंद, शेंड्याकडे निमुळता. प्लास्टिकची पट्टी किंवा बांबूची कामटी तासून तो चांगला जमतो. गोल काडी वापरली की तो परदेशी दिसू लागतो. तारायंत्राच्या खांबाला पितळी नळ्या एकीत एक बसवाव्यात आणि चिनीमातीच्या इन्सुलेटरसाठी दीड मि.मी.चे पांढरे मणी लावावेत. अकरा केव्हीच्या खांबाला वर व्ही आकाराचा अँगल, त्याच्या दोन टोकांना एकेक व माथ्यावर एक असे तीन इन्सुलेटर. डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, दोन खांबांवर. खांबांना काटेरी तार गुंडाळलेली आणि धोक्याची लाल पाटी. रंग अजिबात चकचकीत नको. सिमेंटवर फिकट राखी रंग द्यावा व बुंध्याशी पावसाने उडालेल्या काळ्या मातीचे शिंतोडे दाखवावेत.

खरी कसोटी तारेची. सात-आठ मि.मी. जाडीची तार या प्रमाणात केसाएवढी उरते; शिवणाचा दोरा तिच्यापुढे दोरखंड वाटतो. जुन्या मोटारीच्या गुंडाळीतली सर्वांत बारीक तांब्याची तार काळपट करून वापरणे उत्तम, कारण तिला झोल देता येतो. लवचिक धागा हात लागला तरी तुटत नाही, पण ताठ राहतो, आणि झोल नसलेली तार शिवारातली वाटत नाही.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातले खांब कालांतराने कलतात. म्हणून रानातल्या ओळीतले एकदोन खांब किंचित तिरपे लावावेत, ओळ वळते तिथल्या खांबाला ताणाची तार द्यावी. तारेवर कोतवाल बसवायचा तर तो साडेतीन मि.मी.पेक्षा मोठा नसावा. ओव्हरहेड खांबांतले अंतर प्रत्यक्षात ७२ मीटरपर्यंत, म्हणजे प्रतिकृतीत ८३ सें.मी. भरते. एवढी जागा घरात क्वचितच असते; तेव्हा ते ३०-४० सें.मी.वर आणावे. रुळापासून तारेची साडेपाच मीटर उंची, म्हणजे ६३ मि.मी., मात्र कमी करू नये. ती घटवली तर डब्यांची छपरे तारेला भिडल्यासारखी दिसतात.