दौंडची पेटी

मागच्या शनिवारी दौंडला घरी गेलो होतो. तिथल्या एका जुन्या वस्तूवाल्याचा आधीच फोन आलेला, "साहेब, शिरूर छावणीतल्या इंग्रजाची पिस्तुलांची जोडी आलीय, पेटीसकट!" आता मी पडलो इंजिनियर आणि वर इतिहासाचा किडा. बॅगेत व्हर्नियर टाकला आणि निघालो.

गोष्ट अगदीच अशक्य नव्हती बरं का. 1802च्या वसईच्या तहानंतर पेशव्याच्या मदतीला म्हणून कंपनीची फौज आली आणि तिचा मोठा तळ घोडनदीकाठी, शिरूरला पडला. तिचा सेनापती कर्नल वॉलेस 1809 साली वारला. त्याची समाधी शिरूरला आहे आणि लोक त्याला सत्पुरुष म्हणून मानायचे! त्या काळातल्या इंग्रज अफसरांत अब्रूवरून भांडण झालं की द्वंद्व ठरलेलं. 17 ऑगस्ट 1780 ला कलकत्त्यात खुद्द वॉरन हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. आधी फ्रान्सिसची रंजक दमट निघाली, बार उडेचना. हेस्टिंग्जने रोखलेलं पिस्तूल खाली घेतलं, त्याला नवी रंजक भरू दिली, आणि मग त्याला जखमी केलं. काय शिस्त म्हणावी!

खरं तर पेटीत जोडी असते ती याचसाठी. दोघांच्या हातात सारखंच हत्यार हवं. लंडनचे वॉग्डन, मँटन हे त्यातले उस्ताद. साधारण नऊ-दहा इंचांची अष्टकोनी नळी, चमकू नये म्हणून तपकिरी केलेली. आतून गुळगुळीत, कारण आटे पाडणं सभ्यपणाचं नव्हे. (काही कारागीर आटे पाडायचेच, पण तोंडापासून थोडे आत थांबवायचे, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. माणूस तेव्हाही तसाच होता.) चाप इतका हलका की बोट टेकलं तरी सुटेल, आणि तो किती हलका ठेवायचा यासाठी बारीक स्क्रू. मला हे सगळ्यात आवडतं. माणूस मारायच्या यंत्रावर एवढी माया केलेली बघून जरा कसंसंही होतं. पेटीत हिरवी बनात आणि बारुदाची कुपी, गज, चकमकीचे दगड, गोळ्या ओतायचा साचा यांचे वेगवेगळे खण.

दुकानदाराने चाळीस हजार सांगितले. मी म्हटलं, आधी मोजू. साच्यातल्या खळीचा व्यास भरला साडेपंधरा मिलिमीटर, नळीचा तेरा. म्हणजे त्या साच्यातली गोळी त्या नळीत जाणारच नाही! खरी गोळी नळीपेक्षा थोडी लहान हवी, कारण ती कापडात गुंडाळून ठासतात. इथेच युनिट टेस्ट फेल. शिवाय दोन्ही नळ्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. ही कसली जोडी?

"लायसन लागत नाही, शोपीस आहे," तो म्हणाला. 1959च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही बार उडणार नाही अशा जुन्या हत्याराला. यांचा चाप तर खटकन सुटत होता. नको म्हटलं.

तो जरा हिरमुसला. "बरं, मग नुसती पेटी तरी न्या. नऊशेला देतो. तुमचे पेचकस राहतील."

मोह झाला हो. बनातीचा कोपरा उचलून बघितला, तर खाली प्लायवूड.