नायडू, कर्नल कोट्टारी कनकय्या

(३१ ऑक्टोबर १८९५ – १४ नोव्हेंबर १९६७). भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार व होळकर संस्थानच्या फौजेतील अधिकारी. जन्म नागपूरचा. हिस्लॉप शाळेच्या संघाचे नेतृत्व त्यांनी केले. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून ते युरोपियनांविरुद्ध उतरले, तेव्हा ७९ धावांत सात गडी बाद झाले होते. पहिले तीन चेंडू त्यांनी नुसते अडवले आणि चौथ्यावर षटकार मारला.

१९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून फौजेत कॅप्टन केले. पुढे ते कर्नल झाले. हा हुद्दा बॅटीच्या बळावर मिळाला हे खरे, पण त्यांनी तो नुसता मिरवला नाही. शिस्त, काटक शरीर आणि दुखण्याची पर्वा न करणे ही लष्करी वळणे त्यांच्या खेळात अखेरपर्यंत दिसतात.

डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या; त्यांत ११ षटकार होते. परक्या सत्तेच्या संघाला असे झोडपता येते, हे हजारो प्रेक्षकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. या खेळीचे मोल केवळ धावांत मोजणे अपुरे ठरेल.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीसाठी त्यांनी स्वतः बाजूला होऊन नायडूंना पुढे केले, हा त्यांचा मोठेपणा. क्षेत्ररक्षणात हात दुखावलेला असतानाही नायडूंनी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक, ४० धावा केल्या. १९३३ मध्ये ‘विझ्डेन’ या इंग्लिश क्रिकेट वार्षिकाने वर्षातील पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. १९३६ च्या दौऱ्यावर मात्र नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. सात कसोटींत मिळून नायडूंच्या ३५० धावा. कसोटी क्रिकेट त्यांच्या वाट्याला फार उशिरा आले.

त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात, त्यांनी बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून दात पडले. छप्पन्न वर्षांच्या कर्नलांनी पडलेले दात बॅटीने बाजूला सारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अखेरचा रणजी हंगाम ते १९५६-५७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून खेळले. त्यांचे निधन इंदूर येथे झाले. धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही कसोटीपटू होते.